फोटोत राहिलेलं तलवारीचं टोक

सद्या,

शेवटी तुझ्या पोरीनं, शुभानं, तोच फोटो निवडला. हार घालायला दुसरा सापडलाच नाही म्हणे. जन्मभर कॅमेरा समोर आला की तू डोळे मिटलेस, ओळखपत्रावरसुद्धा झोपलेलाच दिसतोस, त्याला ती तरी काय करणार? त्या एका फोटोत तेवढे डोळे सताड उघडे आहेत आणि तू हसतोयस. साताऱ्याच्या पुढं महामार्गावर ते किल्ल्यासारखं बांधलेलं हॉटेल होतं ना, तिथला. डोक्यावर पत्र्याचा टोप, अंगात भाड्याचं चिलखत. शुभानं मला त्यातून कापून टाकायला सांगितलं. बरोबरच केलं, गेलेल्या माणसाच्या फोटोत जिवंत माणूस कशाला? पण फोटोवाल्यानं काम घाईत केलं. वरच्या कोपऱ्यात, तुझ्या कपाळापासून चार बोटांवर, तलवारीचं टोक राहिलंय. मूठ धरलेला मी गेलो आणि टोक राहिलं.

दहाव्याला ती माझ्याजवळ येऊन बसली. "विष्णूकाका, एक विचारू? समोरून तलवार येतेय, तर बाबांनी ढाल खाली का धरलीय?"

"त्याला कुठं जमायची नाटकं," मी म्हणालो.

मग तिनं मंडळाच्या फळ्यावर लावायला दोन शब्द लिहून मागितले. दिले. मनमिळाऊ आणि कष्टाळू. मोजून दोन. बाकीचं फळ्यावर मावणार नाही आणि मावलं तरी ते तिनं वाचू नये असं मला वाटतं. म्हणून इथं तुझ्याशीच बोलतो. ढाल खाली का होती ते आपल्या दोघांना माहीत होतं. आता माझ्या एकट्याकडं आलंय, आणि ते मला झेपत नाही. माझा राग तुला माहीत आहे. तो अजून गेलेला नाही. तू मेलास म्हणूनसुद्धा मी तुझ्यावर चिडलोय.

त्या दिवशी आपण बाळ्याच्या मुलाच्या सोयरिकीसाठी कोल्हापूरला निघालो होतो. चाळीतले चौघं. मोहन्याची टॅक्सी, बाळ्याचं टेलरिंगचं दुकान, आणि गिरणीतले म्हणावेत असे आपण दोघंच, तेही गिरणी बंद पडून पंचवीस वर्षं होऊन गेलेले. मोहन्याला वाटेत ते बुरुज दिसले आणि त्यानं गाडी आत घातली. "एक नंबर जागा आहे रे, माझं पॅसेंजर सांगत होतं. सगळं जुन्या काळासारखं. तलवारी काय, तुताऱ्या काय!"

दारात तुतारी वाजली तेव्हा बाळ्या एवढा दचकला की त्याच्या हातातलं पानच पडलं. भालदार होता, पायात पांढरे स्पोर्ट्‌सचे बूट. वेटरांच्या कमरेला शेला आणि शेल्यात खोचलेलं बॉलपेन. भिंतीभर भाले, खंजीर, दांडपट्टे आणि त्यांच्याखाली पाटी: शस्त्रांना हात लावू नये. जेवण मात्र झकास होतं, उगाच नावं ठेवणार नाही. तांब्याच्या ताटात मटण, बाजरीची भाकरी, ठेचा. ताटाचं नाव शिलेदार. तू म्हणालास, "आपण कसले शिलेदार, आपण साचेवाले. साचेवाला थाळी आहे का विचार त्याला." वेटरला कळलं नाही. मोहन्या हसला, पण त्यालाही कळलं नव्हतं.

आणि मग खेळ सुरू झाला. मधल्या चौकात हलग्या, ताशे, चार पोरं तलवारी खणखणवतायत, वर माइकवाला. शेजारच्याचा शब्द ऐकू येईना. मोहन्या आणि बाळ्या गप्प झाले, माना वळवून खेळ बघायला लागले. आपल्या दोघांचं मात्र काही अडलं नाही. टेबलाच्या पलीकडून तू ओठ हलवलेस: भाकरी अजून घे. मी बोटं हलवली: पोट भरलं. दोनशे साचे, म्हणजे माग, एकदम धडधडतात अशा खात्यात उमेदवारी केलेल्या माणसाला गोंगाट म्हणजे घरच. तिथं आवाजाचा उपयोग नसतो. ओठ वाचायचे, नाही समजलं तिथं बोटांची जोड द्यायची. आपण त्या बोलीत भांडलो, लग्नं ठरवली, मयताच्या बातम्या दिल्या. तिला एकच कायदा होता. समोरचा बोलत असताना तोंड फिरवायचं नाही. तोंड फिरवलं की त्याचा शब्द तिथंच मेला. खात्यात आयमाईवरून शिव्या चालायच्या, तोंड फिरवलेलं चालायचं नाही. जॉबरनं तोंड फिरवलं म्हणून एकानं त्याच्या पाठीत मागाचा धोटा हाणलेला आपण पाहिलाय, टोकाला लोखंड असलेला, भरल्या पाळीत.

खेळात एका पोराला ओढत आणलं. हात बांधलेले, डोक्यावरून गोणपाट. माइकवाला ओरडला, "हा फितूर! घरचं खाऊन शत्रूला दार उघडणारा! काय शिक्षा द्यायची?" आणि सगळं हॉटेल, बायकापोरांसकट, तोंडात घास असलेली माणसं, "मारा! मारा!" म्हणायला लागली. बाळ्यापण. कापूस गुंडाळलेल्या काठ्या पाहुण्यांना वाटल्या गेल्या. मोहन्या उठून गेला, दोन ठेवून दिल्या, हसत परत आला आणि ताटावर बसला.

मी तुझ्याकडं पाहिलं. तू त्या गोणपाटाकडं बघत नव्हतास. त्या पोराच्या पायांकडं बघत होतास.

तुला ठाऊक आहे ते मी आता परत सांगतोय, कारण मला ते एकदा सरळ ओळीत मांडायचंय. संपाचा आठवा महिना होता. माझा मोठा भाऊ, दादा, आपल्याच खात्यातला. वहिनी दिवसांत होती, घरातली भांडीसुद्धा गेली होती. दादा चार दिवस मागच्या दारानं कामावर गेला. मला कळलं तेव्हा मी भरल्या घरात त्याला म्हणालो, "तू माझा भाऊ नाहीस." चाळीत बोंब झाली. तुकाराम, आपल्याच मजल्यावरचा, घाटावरचा तापट गडी, गॅलरीत उभा राहून सगळ्यांच्या देखत ओरडला, "उद्या आत गेलास तर तंगडं तोडून हातात देईन!" आणि पाचव्या दिवशी, तीनची पाळी सुटल्यावर, गिरणीमागच्या गल्लीत सहा-सात जणांनी दादाच्या डोक्यावर गोणपाट टाकलं आणि लोखंडी नळ्यांनी त्याला फोडला. उजव्या गुडघ्याची वाटी तीन ठिकाणी फुटली. दोन बरगड्या. एक कान. त्याला हातगाडीवर घालून आणला तेव्हा गोणपाट अजून गळ्यात होतं, रक्तानं मानेला चिकटलेलं, आणि आईनं ते भिजवून भिजवून सोडवलं. नंतर तो नऊ वर्षं जगला, पण चालला असं म्हणता येणार नाही. मारणाऱ्यांना त्यानं कधी शिवी दिली नाही. स्वतःलाच देत राहिला.

त्याला भाऊ नाही म्हणालो होतो मीच. म्हणून तर माझं डोकं दुप्पट फिरलं. कुणाला तरी फोडल्याशिवाय मला झोप येणार नव्हती, आणि नाव तर अख्ख्या चाळीनं ऐकलं होतं.

चौथ्या दिवशी भर दुपारी मी आईचा वरवंटा पिशवीत घातला आणि तुला हाक मारली. तू म्हणालास, "विष्ण्या, नको रे." मला वाटलं घाबरलास. मी म्हणालो, "येणार नसशील तर सांग, परत तुझं तोंड बघणार नाही." तू आलास. मच्छीमार्केटच्या मागं, बर्फाच्या लाद्या फोडायच्या ओट्याजवळ तुकाराम सापडला. त्याला आडवा पाडला, मी छातीवर बसलो आणि त्याचा उजवा हात ओट्यावर दाबून तू धरलास. मनगट दोन्ही हातांनी. मी वरवंटा घातला. बोटांवर. तुटलेला धागा जोडणारी, साचेवाल्याची बोटं. पहिल्या घावाला तो ओरडला, दुसऱ्याला त्याचा आवाज गेला. मग नुसते ओठ हलत होते. मी नव्हतो. मी नव्हतो. खात्याच्या बोलीत. दोघांनीही वाचलं, सद्या. माझा विश्वास बसला नाही. तुला विश्वास ठेवायची गरजच नव्हती.

मी सहा घाव घातले. ओट्यावर बर्फाचं पाणी होतं, ते लाल झालं. घरी आईनं विचारलं, "वरवंटो खंय नेललंस रे?" "मोहन्याकडं खुंटी ठोकायला," मी म्हणालो. तिनं तो धुतला. संध्याकाळी त्याच वरवंट्यानं खोबरं वाटून बांगड्याचं तिखलं केलं, आणि मी दोनदा भात मागून घेतला. मला खरंच भूक लागली होती.

पोलिसात कुणी गेलं नाही. तेव्हा कुणीच कुणाचं नाव घेत नव्हतं. तुकाराम नायगावला बायकोच्या भावाकडं राहायला गेला, त्याचं नाव चाळीतून पुसलं गेलं, आणि मी हिशेब मिटला असं समजून चांगला सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं घोरत झोपलो. गिरगावात एका छापखान्यात लागलो, पोरांची लग्नं केली. संक्रांतीला तुझ्या घरचा तिळगूळ खाल्ला.

तर त्या हॉटेलात, हलग्या वाजत असताना, तू पायांवरची नजर काढून माझ्याकडं पाहिलंस आणि ओठ हलवलेस.

दादाला मारणाऱ्यांत मी होतो.

मला वाटलं मी चुकीचं वाचलं. तू बोटांनी जोड दिलीस. दादा. गुडघा. मी. मग सावकाश, एकेक करून सांगत गेलास. तू शेवटी पोहोचलास, गोणपाट आधीच टाकलेलं होतं. कोण आहे ते कुणी सांगितलं नाही, आत जाणारा एवढंच सांगितलं. तू नळी घातलीस. गुडघ्यावर. मग दादाची चप्पल दिसली. टायरच्या तळाची, अंगठा तूच शिवून दिलेली.

मग? मी विचारलं. माझेही ओठच हलले.

मग अजून दोनदा मारलं, तू म्हणालास. थांबलो असतो तर सगळ्यांना कळलं असतं.

बाळ्या मध्येच तुझ्या ताटात कांदा टाकत होता. तू त्याच्याकडं बघून मान हलवलीस, परत माझ्याकडं वळलास. तुकाराम तिथं नव्हताच, विष्ण्या. तो तर,

आणि मी तोंड फिरवलं.

तू आणखी काय बोललास ते मला कधीच कळलं नाही. मी चौकाकडं बघत बसलो. गोणपाटातलं पोर जमिनीवर लोळत होतं, एक बाई आपल्या लहान मुलाच्या हातात काठी देऊन त्याला शिकवत होती, "पायावर मार, पायावर." तू माझ्या मानेकडं किती वेळ बघत होतास कोण जाणे. मी वळलो तेव्हा तू भाकरी खात होतास. सगळी संपवलीस. उठून गेला नाहीस एवढं खरं.

निघताना मोहन्यानं हट्ट धरला. दाराशी फोटोची जागा होती, चिलखत, टोप, हवं ते शस्त्र. "ए, दोघं उभे राहा ना रे, जोडी आहे तुमची!" पोरानं तुला ढाल दिली आणि मला तलवार. धार नव्हती तिला, पण वजन होतं, जुन्या लोखंडाचं वजन. फोटोवाला म्हणाला, "काका, मारल्यासारखं करा. दुसरे काका, तुम्ही ढाल वर घ्या." मी तलवार उचलली. तू आधी ढाल वर घेतली होतीस. मग माझ्या डोळ्यांत बघितलंस आणि ती खाली केलीस. आणि हसलास. लबाड माणसा, हसलास! तेवढ्यात फ्लॅश पडला, आणि मी मारली.

टोप उडाला. भुवईच्या वर कपाळ उघडलं, आत पांढरं दिसलं आणि मग रक्ताचा पडदाच खाली आला. मी दुसऱ्यांदा उचलली होती. मोहन्यानं मागून मिठी मारली म्हणून थांबलो, नाहीतर मी थांबलो नसतो, हे तुला ठाऊक होतं आणि आता मीही कबूल करतो. मॅनेजर धावत आला तो चिलखत खराब झालं म्हणून बोंबलत. बाळ्यानं धोतराचा सोगा तुझ्या कपाळाला दाबला. कराडच्या डॉक्टरला तूच सांगितलंस, "फोटो काढताना पाय घसरला." पाच टाके पडले. मोहन्या आणि बाळ्याला वाटलं, म्हाताऱ्यांची मस्करी हाताबाहेर गेली. पुढं वर्षानुवर्षं ते लग्नाकार्यात हा किस्सा सांगून हसायचे आणि आपण दोघं त्यांच्याबरोबर हसायचो.

गाडीत तू पुढं बसलास, डोक्याला पट्टी. मग तूच म्हणालास, "भाकरी बाकी चांगली होती."

त्यानंतर बारा वर्षं. भेटत राहिलो, हे सगळ्यांत वाईट. आपण भांडलो असतो तर बरं झालं असतं. नाक्यावर चहा, क्रिकेट, कुणाचं ऑपरेशन, कुणाला घर लागलं, सगळं बोललो. फक्त कधीकधी, भायखळ्याकडून ट्रकांची रांग लागलेली असायची, समोरच्या फुटपाथवर तू उभा, आणि तुझे ओठ हलायला लागायचे. आवाज नाही. मी लगेच कुठल्यातरी दुकानाच्या पाटीकडं बघायला लागायचो. किती वेळा केलं असेन मी हे? मला वाटायचं तू माफी मागतोयस. मागू दे, मी म्हणायचो, माग माग आणि झुर.

आता खरं सांगतो. दादासाठी मी तुला कधीच माफ करून टाकलं होतं. तू सत्तावीस वर्षांचा होतास, मीही होतो, आणि दादाच्या ऐवजी दुसऱ्या कुणाचा गुडघा असता तर मीही नळी घातली असती आणि वर छाती काढून फिरलो असतो. पण ते तुला सांगणं मला परवडणारं नव्हतं. तुला माफ केलं असतं तर दुसऱ्या दिवशी मला नायगावला जावं लागलं असतं. तू दोषी राहिलास की माझा वरवंटा तुझ्या नावावर जात होता. मी फसवला गेलेला, मी बिचारा. किती सोयीचं होतं ते. तुझ्या डोक्यावर पाय देऊन मी बारा वर्षं कोरडा उभा राहिलो.

हॉस्पिटलात आलो तेव्हा तुझ्या तोंडात नळी होती. ओठ हलवता येत नव्हते. तू हात उचललास, बोटं जुळवलीस, आणि मी मोठमोठ्यानं बोलायला लागलो. भारत हरला, पाऊस नाही, शुभाची पोरगी पास झाली. तू हात खाली ठेवलास. मंगळवारी गेलास.

फोटोतलं ते टोक मी तुझ्या दारात दहा दिवस बघितलं. काल रविवार होता. उठलो आणि नायगावला गेलो.

बीडीडीच्या चाळी पाडतायत. तुकारामला मिळालेली तात्पुरती खोली शोधायला अर्धा तास लागला. दार त्याच्या बायकोनं उघडलं. तिच्या डोळ्यांवर वडसाचा पडदा आलेला, तरी जवळ येऊन निरखून तिनं ओळखलं.

"तुम्ही विष्णू ना? सदाभाऊ गेले म्हणं. पेपरवाल्याच्या पोरानं सांगितलं आमाला."

"तुम्ही सदाला ओळखता?"

"म्हंजी? बारा वर्सं येत हुते. म्हैन्यातनं दोन रविवार. ह्यांची नखं काढायला." तिनं आत बोट केलं. "बोटं अशी मिटल्यात ना, नखं तळव्यात रुतत्यात. मला दिसत न्हाई, आन लेक भिवंडीला. सदाभाऊंनाच जमायचं."

मी उंबऱ्यावरच उभा होतो.

"पयल्यांदा आले तवा कपाळाला टाके ओले हुते," ती म्हणाली. "समदं सांगितलं त्येंनी. कुणाला मारलं, कुणावर आळ आला, हात कुणी धरला. ह्यांनी भिंतीकडं तोंड केलं. सदाभाऊ दिवे लागंस्तवर बसून. मग गेले, पुढच्या रविवारी परत. चौथ्या खेपंला ह्यांनी हात पुढं केला." मग तिनं विचारलं, "तुमाला बोलले न्हाईत का? दरखेपंला म्हणायचे, आज विष्णूला सांगतो, पुढच्या बारीला घिऊन येतो."

सद्या, हे सांगत होतास होय रे, ट्रकांच्या पलीकडून? माफी नव्हतीच मागत तू. मला चल म्हणत होतास.

आत तुकाराम खाटेवर बसला होता. कानानं ठार बहिरा झालाय. उजवा हात मांडीवर, आल्याच्या गड्ड्यासारखा. त्यानं माझ्याकडं पाहिलं, नीट पाहिलं. मी समोरच्या पत्र्याच्या खुर्चीवर बसलो आणि ओठ हलवले. चाळीस वर्षं झाली, पण बोली विसरलो नव्हतो. मी विष्णू. वरवंटा माझा होता. मी नव्हतो असं तू म्हणाला होतास, मी वाचलं होतं. वाचूनसुद्धा मारलं.

एवढं त्यानं वाचलं. मग तोंड फिरवलं.

भिंतीला कॅलेंडर नव्हतं, देव नव्हता, नुसता चुना होता. तो त्या चुन्याकडं बघत राहिला आणि मी त्याच्या मानेकडं. मानेवर पांढरे केस, कॉलर आतून उसवलेली. त्या हॉटेलात तू माझं हेच बघत बसला होतास, आणि पुढं बारा वर्षं. उठून पळावंसं वाटलं. त्याला खांद्याला धरून वळवावं असंही वाटलं, एवढा माझा हात अजून खाजरा आहे. पण तू भाकरी संपेपर्यंत बसला होतास, म्हणून मी बसलो. त्याच्या बायकोनं चहा दिला, तो पिऊन झाला. तुकारामच्या पाठीकडं बघत मी ओठांनीच म्हणालो, सद्या, तुला माफ केलं रे. वाचायला कुणी नव्हतं. उशीर झाला की असंच होतं.

दिवे लागले. त्याची बायको म्हणाली, "नखं लई वाढल्यात हो. रात्री रगात येतंय." खिडकीत तुझा नेलकटर होता, पावडरच्या डब्याच्या झाकणात, कापसाशेजारी. मी तो उचलून हातात घेतला आणि परत ठेवला.

तुला चार खेपा लागल्या. तू तर नुसता हात धरणारा. मला किती लागतील कोण जाणे, आणि तेवढं आम्हा दोघांकडं, माझ्याकडं नि तुकारामकडं, आयुष्य आहे का तेही माहीत नाही. पण तो हात त्यानंच पुढं करायला हवा, सद्या. एकदा आपण तो न विचारता घेतला होता.